ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला?

आमचं विटा काही समुद्राकाठचं गाव नव्हे. समुद्र पाहायचा तर सह्याद्री ओलांडून रत्नागिरी गाठावी लागते. पण गलाईच्या धंद्यामुळे आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं देशभर पांगलेली आहेत. सोनं-चांदी गाळायला कुणी कोचीला, कुणी चेन्नईला, कुणी कोलकात्याला. सुट्टीला येताना ती तिकडच्या हौसाही बरोबर घेऊन येतात. त्यातलीच एक हौस म्हणजे खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे. आमच्या घरी ती दिरांमुळे आली आणि मुलांमुळे टिकली. २००३ साली नीमो माशाचा तो इंग्रजी चित्रपट आला, तेव्हापासून नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा मुलांच्या ओळखीचा झाला आहे. टाकी मुलांची, हौस दिरांची आणि निगा कुणाची, हे भगिनींना वेगळं सांगायला नकोच!

अशी टाकी घरात असली की एक दिवस मूल हमखास ओरडत येतं, "आई, माशावर कुणी तरी मीठ टाकलंय!" जवळ जाऊन पाहावं तर शेपटीवर, परांवर, अंगावर बारीक रव्यासारखे पांढरे दाणे. मासा दगडाला अंग घासतो आहे. आपण घाबरतो, दुकानदाराला फोन करतो. आणि तीन-चार दिवसांत ते दाणे आपोआप नाहीसे होतात. घरात आनंदीआनंद. धोक्याची जागा नेमकी हीच.

आमच्या परिचयाच्या एका घरी असंच झालं. ठिपके गेले म्हणून त्यांनी वेगळा टब मांडायचा बेत रद्द केला. पुढच्या आठवड्यात ठिपके पुन्हा आले, पहिल्याच्या कितीतरी पट. पंधरा दिवसांत सहापैकी पाच मासे गेले. त्यांची धाकटी दोन दिवस नीट जेवली नव्हती. पैसे गेले ते वेगळेच.

असं का होतं? रोगाचं नाव क्रिप्टोकॅरिऑन. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली त्याचं वर्णन केलं आणि १९५१ साली ब्राउन यांनी त्याला आजचं नाव दिलं. हा एकपेशीय परजीवी माशाच्या कातडीत शिरून तीन ते सात दिवस खातो-पितो, फुगतो. आपल्याला दिसतो तो हाच दाणा. पोट भरलं की तो माशाला सोडून खाली उतरतो, वाळूला किंवा दगडाला चिकटतो आणि स्वतःभोवती टणक कवच करतो. त्या कोषात एकाचे दीड-दोनशे होतात. कमीत कमी तीन दिवसांनी, बहुधा आठवड्याभराने, कधी महिन्याने कोष फुटतो. बाहेर पडलेली पिल्लं एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. टाकीत मात्र मासा सापडतोच. बिचारा जाणार कुठे?

मुलींच्या डोक्यातल्या उवा-लिखा आठवा. औषधाने ऊ मरते, लीख राहते, म्हणून आठवड्याने डोकं पुन्हा धुवावं लागतं. इथेही तसंच. कातडीतल्या दाण्याला औषध लागत नाही, कोषालाही लागत नाही. मरतं ते फक्त मधल्या काळात पाण्यात पोहणारं पिल्लू. म्हणून ठिपके दिसोत वा न दिसोत, उपाय पूर्ण मुदतीचा हवा. आणि ठिपके एकाच माशावर दिसले तरी उपाय सगळ्या माशांवर हवा. निळ्या टँग माशाची कातडी नाजूक, त्याला हा रोग आधी दिसतो. बाकीचे कल्ल्यांत तो लपवून ठणठणीत दिसतात.

पण उपायाआधी ओळख. संध्याकाळी टाकीचा दिवा बंद करून बाजूने तिरपी बॅटरी धरा. रव्यासारखे सुटे दाणे, मोजता येतील असे, म्हणजे वर सांगितलेला रोग. रवा नसून पीठ भुरभुरल्यासारखी पिवळसर-करडी पूड दिसली, मासा भराभरा श्वास घेतोय, पंपाच्या धारेपुढे तोंड करून उभा राहतोय, उजेड टाळतोय, तर तो अमायलुडिनियम. शौकीन लोक त्याला मखमली रोग म्हणतात. याचं वर्णनही ब्राउन यांचंच, १९३१ सालचं. हा फार क्रूर. आधी कल्ले धरतो, त्यामुळे कधी कधी अंगावर काही दिसायच्या आतच मासे मरतात. इथे 'उद्या बघू' म्हणून चालत नाही.

विदूषक माशाच्या अंगावर शेंबडासारखा पांढरा थर सुटू लागला आणि त्याने अन्न टाकलं, तर ब्रुकलिनेला. त्यावर तांब्याचं औषध चालत नाही, फॉर्मालिन लागतं, आणि फॉर्मालिन माणसालाही घातक. लहान मुलांच्या घरात ती बाटली आणू नका. मत्स्यतज्ज्ञाकडून किंवा जाणत्या माणसाकडूनच तो उपाय करून घ्यावा.

डोळे धुरकट, अंग घासणं चालू, पण ठिपके नाहीत, असं असेल तर चपट्या कृमींचा संशय घ्यावा. याची परीक्षा सोपी आहे. क्लोरीन नसलेलं गोडं पाणी टाकीच्या पाण्याइतकंच कोमट आणि तेवढ्याच सामूचं करून घ्यावं, त्यात हवेचा दगड सोडावा आणि मासा तीन ते पाच मिनिटं ठेवावा. कृमी पांढऱ्या पडून तिळासारख्या तळाशी गळतात. मासा आडवा पडून तडफडू लागला तर ताबडतोब बाहेर काढा. या कृमींवर प्राझिक्वांटेल हे औषध आहे. ते अंड्यांना लागत नाही, म्हणून आठवड्याने दुसरा डोस. कुत्र्या-मांजरांच्या जंताच्या गोळीतही हे असतं, पण त्या गोळीत दुसरीही औषधं मिसळलेली असतात. ती टाकीत घालू नये.

आणि परांच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ आली, आठवडेन् आठवडे जागची हलली नाही, तर घाबरू नका. तो परजीवी नव्हे, विषाणू आहे. चांगलं खाणं-पाणी मिळालं की बहुधा आपोआप ओसरतो.

आता उपाय. रव्याच्या दाण्यांवर मला सर्वांत आवडलेला उपाय बिनऔषधी आहे. इस्रायलमधल्या कोलोर्नी या शास्त्रज्ञाने १९८७ साली तो मांडला. त्याला लागतात दोन टब आणि आपल्या अंगची स्वच्छतेची सवय! परजीवी सात दिवसांच्या आत मासा सोडतो आणि कोष फुटायला निदान तीन दिवस लागतात. मग कोष फुटायच्या आतच मासा तिथून हलवला तर?

तीस-चाळीस लिटरचे दोन कोरे टब घ्या. वाळू नाही, दगड नाही. लपायला नळाच्या पाइपचा तुकडा पुरे. हवेचा पंप आणि हीटर. पहिल्या दिवशी सगळे मासे एका टबात. चौथ्या दिवशी, म्हणजे बहात्तर तास भरायच्या आत, दुसऱ्यात. पहिला टब, पाइप, हवेची नळी सगळं घासून धुऊन गच्चीवर खडखडीत वाळवायचं. आमच्या विट्याच्या उन्हाचा एवढा चांगला उपयोग दुसरा नसेल! सातव्या दिवशी पुन्हा पहिल्यात, दहाव्या दिवशी पुन्हा दुसऱ्यात. तेराव्या दिवशी मासे मोकळे. मासा हलवताना प्लॅस्टिकच्या चाळणीतून उचला, म्हणजे जुनं पाणी बरोबर येत नाही. चाळणी स्वयंपाकघरात परत नेऊ नका, हेही सांगते.

नवं पाणी आदल्या दिवशी करून ठेवावं. नळाच्या पाण्यात टीसीएल, बोअरचं पाणी जड. म्हणून फिल्टरचं आरओ पाणी घ्यावं. त्यात मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम. घरातलं आयोडीनचं मीठ चालत नाही. डेअरीत दुधाला लॅक्टोमीटर लावतात, तशीच काटेरी नळी खाऱ्या पाण्यासाठी मिळते, ती १.०२५ च्या आसपास दाखवायला हवी. दोन्ही टबांचं पाणी सारखं खारं, सारखं कोमट असू द्या. मखमली रोगावर मात्र ही अदलाबदल पुरी पडत नाही.

त्याला तांबं लागतं, आणि इथे आपल्या भागातल्या भगिनींना बजावून सांगायला हवं. मोरचूद म्हणजे तांब्याचंच सल्फेट. द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण मारतात, त्यामुळे ते घरोघरी असतं. 'तेच हे, टाका चिमूटभर' असा सल्ला एका दुकानदाराने दिल्याचं मी ऐकलं आहे. त्या टाकीतल्या कोळंब्या आणि गोगलगायी रात्रीत मेल्या. साध्या तांब्याचं प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम लागतं. एवढं बारीक माप चिमटीत मावत नाही. त्याहून कमी पडलं तर परजीवी जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. म्हणून मत्स्यालयाचंच औषध आणा, त्यावर छापलेलं प्रमाण पाळा (वेगवेगळ्या औषधांत ते वेगळं असतं), मोजायचा संच आणा. वेगळ्या टबात, दोन दिवसांत हळूहळू प्रमाण वाढवत न्या, रोज मोजा आणि तीन आठवडे टिकवा. मोठ्या टाकीत तांबं कधीही नको. तिथले दगड ते शोषून घेतात.

पाण्याचा खारेपणा कमी करून, १.००९ पर्यंत आणून, काही आठवडे ठेवण्याचीही रीत आहे. पण कमी खाऱ्या पाण्यातही तगणारे परजीवी आढळले आहेत, म्हणून माझा कल टबांकडेच.

लसूण, हळद, कडुनिंब? मलाही आधी तेच सुचलं होतं. आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावर हळद असतेच. लसणाच्या वासाने रुसलेला मासा कधी कधी खातो, एवढाच फायदा. परजीवी त्याने बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. हळद तर टाकीत नकोच. गोड्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांवर पाणी गरम करून मीठ घालतात. तो वेगळा परजीवी, त्याचा उपाय इथे लागू नाही. उलट गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो.

मासे टबात असताना मोठ्या टाकीचं काय? ती चालू ठेवायची, पण एकही मासा न ठेवता. सहा आठवडे तरी. काही कोष ७२ दिवसांनीही फुटल्याची नोंद आहे, म्हणून सावध माणसं ७६ दिवस थांबतात. मुलांना हे फार जड जातं. रिकाम्या टाकीपुढे बसून 'आज कितवा दिवस' विचारतात. आमच्या घरी कॅलेंडरवर फुल्या मारायचं काम धाकटीला दिलं होतं. मासे तोवर टबातच राहणार, तेव्हा टबाचं पाणी वेळच्या वेळी बदलत राहा. तिथे घाण मुरवायला वाळू-दगड नसतात. वीज गेली तर सेलवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा.

यापुढे नवा मासा आणलात की तो थेट टाकीत सोडू नका. आधी त्याच दोन टबांतून त्याला फिरवून घ्या, निदान महिनाभर निराळा ठेवा. शक्यतो पैदाशीचा विदूषक मासा मागा, समुद्रातून धरलेला नको. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात अशा माशांच्या पैदाशीचं काम उभं राहिलं आहे. घोडामासा आणि खरं प्रवाळ यांना मात्र २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी ते घरी आणू नये.

जाळी, चाळणी आणि पाणी पुसायचं फडकं टबाचं निराळं, टाकीचं निराळं. त्यांना दोन रंगांच्या दोऱ्या बांधून ठेवा, म्हणजे आपण शाळेत गेलो असताना मुलांनी उचलली तरी अदलाबदल होत नाही.