कोठीतला पारा आणि मातीतले सेलेनियम

बालाघाटच्या उतारावरची ज्वारी आणि तूर खळ्यावरून घरी आली की जळकोटच्या बाजूला वर्षभराच्या बेगमीची लगबग सुरू होते. पूर्वी कणगीत लिंबाचा पाला आणि राख असायची. आता पत्र्याच्या कोठीत, दाण्यांच्या थरांमध्ये पारद टिकड्या ठेवायची पद्धत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत रुळली आहे. या करड्या टिकड्यांतून पाऱ्याची वाफ सुटते, ती किड्यांची अंडी मारते आणि डाळीला भुंगा लागत नाही. ही टिकडी कोठीबाहेर काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागचे रसायनशास्त्र मात्र पाऱ्यापाशी संपत नाही, त्यात सेलेनियमही येते.

गिळलेला धातुरूप पारा बहुतांश तसाच बाहेर पडतो. वाफेचे तसे नाही. श्वासातून गेलेल्या वाफेपैकी सुमारे 80 टक्के पारा फुप्फुसांतून रक्तात उतरतो. 20 अंश सेल्सिअसला पाऱ्याने संपृक्त झालेल्या हवेत घनमीटरमागे सुमारे 13 मिलिग्रॅम पारा असतो आणि दर दहा अंशांनी हे प्रमाण दुपटीहून अधिक वाढते. मराठवाड्यातला मे महिना डोळ्यांसमोर आणा. टिकडीतला पारा बांधलेला असतो, त्यामुळे कोठीत एवढी वाफ साठेलच असे नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला 1 मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग आहे.

शरीरात शिरल्यावर पारा काय करतो, त्याचा अर्धा उलगडा वैद्यांच्या खलात होतो. पारा आणि गंधक एकत्र घोटत राहिले की चकाकी हळूहळू मोडते आणि काळीभोर कज्जली तयार होते. चिमूटभर कज्जली उन्हात धरून पाहतात. एकही चमकता कण दिसता कामा नये, ती निश्चंद्र झाली पाहिजे. पाऱ्याची गंधकाशी एवढी घट्ट गाठ बसते. आवर्तसारणीत गंधकाच्या बरोबर खाली सेलेनियम आहे. बर्झेलियसने ते 1817 साली शोधले. त्याच्याशी पाऱ्याचे बंधन गंधकापेक्षा अंदाजे दहा लाख पटीने पक्के मानले जाते.

हे सेलेनियम आपल्याला रोज जेमतेम 55 मायक्रोग्रॅम लागते, पण त्यावाचून चालत नाही. माणसाची 25 जनुके सेलेनियमयुक्त प्रथिने घडवतात. पेशींना ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणारे ग्लुटाथिऑन पेरॉक्सिडेज त्यांपैकीच, थायरॉइडचे संप्रेरक कामाला लावणारी विकरेही त्यांतलीच. पारा नेमका या विकरांच्या सेलेनियमलाच जाऊन चिकटतो आणि त्यांचे काम थांबवतो. मेंदूला याची झळ सर्वांत जास्त बसते. पाऱ्याचे सेंद्रिय रूप, म्हणजे मेथिल पारा, सिस्टीन या अमिनो आम्लाशी जोडला गेला की मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखा दिसतो, म्हणून मेंदूची राखणही त्याला आत सोडते.

1967 साली प्राग येथे पारिझेक आणि ओश्तादालोवा या संशोधकांना दिसले, की पाऱ्याच्या क्षाराची विषबाधा झालेले उंदीर सेलेनाइट दिल्यावर तगतात. 1975 मध्ये इद्रिया येथील पाऱ्याच्या खाणीत वर्षानुवर्षे वाफ हुंगलेल्या कामगारांच्या अवयवांत पारा आणि सेलेनियम जवळपास अणूला अणू असे आढळले. सेलेनियमने पाऱ्याला बांधून ठेवले होते. म्हणजे सेलेनियम ढालही आहे आणि पाऱ्याचे भक्ष्यही. साठा पुरेसा असेल तर ढाल टिकते, तोकडा असेल तर विकरे उपाशी राहतात. पाऱ्याचे नुसते आकडे मोजणे मला म्हणूनच अपुरे वाटते.

मासळीचेच पाहा. समुद्रातल्या बहुतेक माशांत पाऱ्यापेक्षा सेलेनियम जास्त असते. फेरो बेटांवर खाल्ल्या जाणाऱ्या पायलट व्हेलच्या मांसात मात्र पारा वरचढ, आणि तिथल्या मुलांच्या विकासावर परिणाम दिसले. मिनामाताची पाऱ्याच्या विषबाधेची शोकांतिका 1956 साली उघड झाली, ती जगाला ठाऊक आहे. शेतकऱ्याने त्याहून जास्त लक्षात ठेवावी ती इराकची. 1971-72 मध्ये मेथिल पारा चोळलेले पेरणीचे बियाणे लोकांनी दळून भाकरी केल्या, आणि रुग्णालयांत 459 जण दगावले. आपल्याकडेही उसाच्या बेण्याला लावले जाणारे पारायुक्त बुरशीनाशक, मेथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड, 2018 मध्ये बंदी येईपर्यंत चालत होते.

हे वाचून सेलेनियमच्या गोळ्या आणायला कुणी धावू नये. पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या काही गावांत जमिनीतच सेलेनियम जास्त आहे. तिथे जनावरांचे खूर गळतात, माणसांचे केस झडतात, नखे बिघडतात. प्रौढाला दिवसाला 400 मायक्रोग्रॅम ही वरची हद्द धरतात. गरज आणि विष यांच्यात एवढेच अंतर.

सेलेनियम ताटात येते ते मातीतून, पिकातून. फिनलंडने जमिनीतले सेलेनियम कमी पडते हे ओळखून 1984 मध्ये ते खतात मिसळायचा निर्णय घेतला आणि लोकांच्या रक्तातले प्रमाण वाढले. आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन असे 12 रकाने आहेत. तिथे गंधकाच्या शेजारी सेलेनियमचा तेरावा रकाना जोडावा, आणि त्याची सुरुवात जळकोटसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून, ज्वारी-तुरीच्या दाण्यांच्या तपासणीसह व्हावी. कोठीतल्या टिकड्या तोवर चुलीत किंवा उकिरड्यावर न टाकता झाकणाच्या बरणीत बंद करून घातक कचरा म्हणून वेगळ्या द्याव्यात. धान्य कडक उन्हात वाळवून, लिंबाचा पाला घालून, हवाबंद कोठीत भरले तरी भुंग्याला बऱ्यापैकी आळा बसतो.