शैलीसातत्य (कृत्रिम बुद्धिमत्तानिर्मित चित्रे)

शैलीसातत्य म्हणजे एखाद्या सादरीकरणातील सर्व चित्रांची रेषा, रंगसंगती, प्रकाशयोजना, दृष्टिकोन आणि तपशिलाचे प्रमाण एकसारखे राखणे होय. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चित्रे तयार करताना प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे निर्माण होते. त्यामुळे हे सातत्य आपोआप साधत नाही; ते ठरवून राखावे लागते.

पूर्वपरंपरा

चित्रमालिकेतून विषय मांडण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेत कथेतील प्रसंग सुट्या कागदांवर रंगवून दोन-दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवतात. एका कथेच्या संचास 'पोथी' म्हणतात. कथेकरी एकेक चित्र दाखवत गायन व निवेदन करतो. ठळक बाह्यरेषा, मोठे डोळे आणि ठरावीक वेशभूषा यांमुळे चित्र बदलले तरी पात्र ओळखू येते. या परंपरेतील कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

विसंगतीची कारणे

प्रचलित चित्रनिर्मिती प्रणालींपैकी अनेक 'डिफ्यूजन' तत्त्वावर चालतात. यादृच्छिक ठिपक्यांच्या गोंधळापासून आरंभ करून, दिलेल्या शब्दसूचनेनुसार (प्रॉम्प्ट) टप्प्याटप्प्याने चित्र स्पष्ट केले जाते. आरंभीचा गोंधळ प्रत्येक वेळी वेगळा असल्याने एकाच सूचनेतूनही भिन्न चित्रे मिळतात. शिवाय 'सुंदर' किंवा 'आधुनिक' यांसारख्या मोघम शब्दांमुळे शैलीचा निर्णय प्रणालीवर सोपवला जातो.

प्रमुख पद्धती

• स्थिर शैलीवर्णन : माध्यम, रेषेची जाडी, मोजके रंग, पार्श्वभूमी व प्रकाशाची दिशा यांचे वर्णन एकदा निश्चित करून प्रत्येक सूचनेस जसेच्या तसे जोडले जाते, केवळ विषयाचा भाग बदलतो.
• सीड : आरंभीचा गोंधळ ठरवणारा हा अंक कायम ठेवल्यास रचनेत साम्य येऊ शकते. मात्र सूचना बदलल्यावर केवळ सीडमुळे शैली टिकेलच असे नाही.
• संदर्भचित्र : पसंत पडलेले एक चित्र नमुना म्हणून दिले जाते. मिडजर्नी या प्रणालीत शैलीसंदर्भाची सोय 2024 मध्ये आली.
• पूरक प्रशिक्षण : 2021 मध्ये मांडल्या गेलेल्या 'लोरा' तंत्राने मूळ प्रारूप न बदलता, थोड्या नमुनाचित्रांवरून विशिष्ट शैली शिकवता येते.
• अंतिम संस्कार : सर्व चित्रांचा आकार, कड व रंगछटा शेवटी एकत्रितपणे जुळवल्या जातात.

उदाहरण

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकूनिर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. पारंपरिक कुंकवाच्या प्रक्रियेवर सादरीकरण करावयाचे असल्यास हळकुंड, हळदपूड, चुन्याचे मिश्रण व तयार कुंकू अशी चित्रे लागतील. हळदीतील कुरकुमिन हे रंगद्रव्य चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या सान्निध्यात लालसर होते; म्हणून येथे पिवळ्याकडून लालकडे जाणारा रंगबदल हाच मुख्य आशय आहे. सर्व चित्रांवर एकच तांबूस छटा चढवली, तर मालिका एकसारखी दिसेल, परंतु प्रक्रियाच दिसेनाशी होईल. अशा वेळी रेषा, पार्श्वभूमी व प्रकाश स्थिर ठेवून पदार्थाचा रंग मोकळा सोडणे योग्य ठरते.

मर्यादा

शैलीसातत्य म्हणजे अचूकता नव्हे. संदर्भचित्रातील चूक, उदाहरणार्थ नऊवारी साडीचा चुकीचा काष्टा किंवा स्थानिक अवजाराचा भलताच आकार, पुढील सर्व चित्रांत उतरू शकते. मालिका एकसंध असल्याने ती अधिक विश्वासार्ह भासते आणि चूक सहज लक्षात येत नाही. यास्तव नमुनाचित्र निवडण्यापूर्वीच ते प्रत्यक्ष छायाचित्राशी किंवा जाणकाराकडून पडताळून घेणे आवश्यक असते. चित्रातील देवनागरी अक्षरे अनेकदा विकृत उमटतात. त्यामुळे मजकूर सादरीकरणाच्या आज्ञावलीतच स्वतंत्रपणे टंकित करणे इष्ट होय. हयात चित्रकाराच्या नावाने शैली मागण्याबाबत नैतिक व कायदेशीर वादही आहेत.

हे सुद्धा पहा

• चित्रकथी
• कृत्रिम बुद्धिमत्ता
• केम