ठिपक्याचा स्क्रू

जुनी जपानी मोटरसायकल उघडायला बसलेला नवशिका पहिल्या दहा मिनिटांत एक चूक हमखास करतो. इंजिनाच्या झाकणावरचे फुलीचे स्क्रू दिसले, की तो हाताशी असलेला फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर लावतो आणि जोर करतो. टोक सटकतं, फुलीचा गोल खड्डा होतो. स्क्रू फिलिप्ससारखा दिसतो खरा, पण असतो जेआयएसचा, म्हणजे जपानी प्रमाणाचा. त्याची खाच किंचित निराळी, त्यामुळे फिलिप्सचं टोक तळाला टेकतच नाही. अशा बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. तो ओळखायला शिकणं ही या कामातली बाराखडी. त्यातून पोलादी स्क्रू साठ वर्षं ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसलेला. दोन धातू एकमेकांना धरून बसतात. तेल सोडा, शेक द्या, हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या आणि घाई करू नका.

ज्या गाडीसाठी लोक हा खटाटोप करतात, ती होंडाची सीएल ७२, अर्थात २५० स्क्रॅम्बलर. १९६२ साली ती अमेरिकेत आली. ‘स्क्रॅम्बल’ ही मूळची इंग्लंडमधली चिखलातली शर्यत. अमेरिकेत मात्र हे नाव अशा गाडीला चिकटलं, जी आठवडाभर कामावर नेईल आणि रविवारी वाळवंटात उधळेल. होंडाने त्यासाठी नवं इंजिन केलं नाही. सीबी ७२ या रस्त्यावरच्या गाडीचं २४७ सीसीचं जुळं सिलिंडर उचललं. बोअर ५४ मिलिमीटर, स्ट्रोकही ५४. सीबीत इंजिनाखाली चॅसीचा पाइपच नव्हता, इंजिन वरून टांगलेलं. दगडाधोंड्यांत ते चालणार नव्हतं. म्हणून खालून वेढा घालणारी नवी चॅसी आली. दोन्ही सायलेन्सर पाइप डाव्या अंगाने वर घेतले. सेल्फ स्टार्टर काढून टाकला.

गाडी विकायची तर काहीतरी पराक्रम दाखवायला हवा होता. डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनियर हे दोघे मोटरसायकलस्वार दोन सीएल ७२ घेऊन मेक्सिकोच्या तिहुआनाहून निघाले आणि बाहा द्वीपकल्पाच्या दुसऱ्या टोकाशी, ला पाझला पोचले. साडेनऊशे मैलांच्या आसपासचं अंतर, बहुतेक वाट कच्ची, वेळ सुमारे चाळीस तास. पुरावा म्हणून दोन्हीकडच्या तार ऑफिसांतल्या वेळेच्या नोंदी. वाटेत रॉबर्टसनच्या गाडीचा एक पिस्टन गेला. उरलेलं अंतर त्याने एका सिलिंडरवर रेटलं. १९६७ मध्ये याच वाटेवर मोठी शर्यत सुरू झाली, तीच पुढची ‘बाहा १०००’.

एवढं ऐकूनही माझं मत असं, की ही गाडी वाळवंटाची नव्हतीच. दीडशे किलोंच्या वर वजन आणि २४ अश्वशक्ती, तीही ९,००० फेऱ्यांना. वाळूत हवी असते खालच्या फेऱ्यांतली ओढ. १९६८ मध्ये यामाहाची हलकी, एका सिलिंडरची टू-स्ट्रोक डीटी-१ आली आणि हे सगळ्यांच्याच लक्षात आलं.

पण त्याआधी मालकांनी या गाड्या मनसोक्त सोलल्या होत्या. मडगार्ड, दिवा, आरसे, जे जे जड वाटलं ते कोपऱ्यात फेकलं. त्यामुळे आज इंजिन मिळतं, पण वरचे पाइप आणि त्यांची उष्णतेची जाळी मूळची मिळणं कठीण. नवी नक्कल लावावी, की गंजकी मूळ नळी डाग देऊन पुन्हा क्रोम करावी, यावरून मिस्त्री लोकांत भांडणं होतात. माझं मत डाग देण्याच्या बाजूचं.

इंजिनात मात्र वाद नाही, नुसती मेहनत. उजव्या झाकणामागे तेल गाळणारी एक फिरकी असते. कागदी फिल्टर नाही. फिरकी गरगरते आणि कचरा कडेला जाऊन बसतो. कित्येक मालकांना ती आहे हेच माहीत नव्हतं, म्हणून उघडली की आत करड्या रंगाचा घट्ट लगदा. क्रँक तुकडे दाबून बसवलेला, त्याला साधा पाना पुरत नाही. प्रेस लागतो आणि तो सरळ बसला का, हे डायलवर पाहणारा माणूस लागतो. आपल्याकडे राजदूत ३५० चा क्रँक बांधणाऱ्यांना हे सांगायला नको.

सगळं जुळलं की किक. या इंजिनाचे दोन पिस्टन एकाच वेळी वर येत नाहीत, एक वर तर दुसरा खाली. म्हणून आवाज समान पडत नाही, दोन ठोके जवळजवळ आणि मग जरा उसंत. त्या लयीवर कान ठेवायचा. एकच ठोका येत असेल तर बोट ओलं करून दोन्ही पाइपांवर थेंब उडवायचे. एकावर चुर्र होतं, दुसऱ्यावरून थेंब निवांत ओघळतो. रॉबर्टसन ला पाझला याच आवाजात पोचला होता. इथे मात्र टाकी पुन्हा उतरवायची आणि त्या गार सिलिंडरचे ठिणगीचे पॉइंट उघडायचे.