वाडा तोच, कड्या वेगळ्या

2004 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही 22.3. मात्र चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती 9.1 टक्के निघाली, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के.

बारीक अंगाच्या माणसाला मधुमेह कसा गाठतो, याचा एक धागा या फोटोत आहे. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी तो धागा 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत शोधत होते. तिथे जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. गावातल्या बाळांचे हातपाय काटकुळे, स्नायू कमी. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली त्वचा चिमटीत धरून मोजली, की तिथली चरबी वजनाच्या मानाने चांगलीच भरायची. म्हणजे ‘बारीक पण चरबीयुक्त’ ही ठेवण आईच्या पोटातच ठरत होती.

‘खाण तशी माती’ म्हणून हा विषय संपवता येत नाही. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा एकच संच असतो, तरी यकृताची पेशी यकृताचं काम करते आणि त्वचेची त्वचेचं. वाडा एकच, पण कुठल्या खोल्या उघड्या आणि कुठल्या कडी लावून बंद, यावर तिथला संसार ठरतो. डीएनएवर मिथाइल नावाचा छोटासा रासायनिक गट चिकटतो आणि पुष्कळदा ते जनुक गप्प बसतं. जनुकाची अक्षरं न बदलता त्याचं काम बदलणाऱ्या अशा खुणांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स.

या कड्यांचं लोखंड येतं ताटातून. मिथाइल गट पुरवण्याच्या कामी फॉलिक ॲसिड आणि बी-12 ही जीवनसत्त्वं लागतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा 2003 सालचा उंदरांवरचा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. अगूटी नावाचं जनुक सदैव चालू राहिलं, की त्या प्रयोगातल्या जातीचा उंदीर पिवळा आणि लठ्ठ होतो. गाभण माद्यांना फॉलिक ॲसिड, बी-12 वगैरे जास्त दिल्यावर त्यांना तपकिरी, म्हणजे ते जनुक गप्प बसलेली पिल्लं अधिक झाली. 2007 मध्ये माद्यांच्या खाण्यात प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल-ए मिसळलं, तेव्हा पारडं पुन्हा पिवळ्या पिल्लांकडे झुकलं.

माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत, पण इतिहासाने एक क्रूर प्रयोग करून ठेवला आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात नाझींनी पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. त्या उपासमारीत ज्यांचा गर्भ राहिला, त्यांचं रक्त साठएक वर्षांनी तपासलं, तर वाढीशी संबंधित आयजीएफ-2 या जनुकावरच्या मिथाइल खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी निघाल्या.

मात्र प्रत्येक खूण कायमची नसते. सिगारेट ओढणाऱ्यांच्या डीएनएवर ठरावीक ठिकाणी बदल दिसतात आणि सिगारेट सोडली की त्यातले बरेचसे वर्षानुवर्षांत ओसरतात. शिवाय गर्भाच्या सुरुवातीच्या दिवसांत बहुतेक जुन्या खुणा पुसल्या जातात, त्यामुळे ‘आजीचा दुष्काळ नातवाच्या जनुकांत’ असली विधानं जपूनच करावी लागतात.

पुण्याजवळच्या गावांत सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायकांच्या रक्तात बी-12 कमी होतं. दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळणारं हे जीवनसत्त्व, आणि त्यांच्या ताटात हेच पदार्थ मोजके. फॉलिक ॲसिड मात्र पालेभाज्यांतून आणि गोळ्यांतून मिळत होतं. ज्या आयांमध्ये बी-12 कमी आणि फॉलिक ॲसिड जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक आढळलं. यामागे मिथाइल खुणांचा हात असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

तो पारखायला ते त्याच घरांत परत गेले. 1993 नंतर जन्मलेली ती बाळं 2012 मध्ये वयात आली होती. लग्न आणि बाळंतपण व्हायच्या आधीच त्यांना बी-12 द्यायला सुरुवात झाली, मुलींना आणि मुलांनाही.