संवेदनशील त्वचा आणि चेहऱ्याचे क्रीम : घटकांची तुलना

हिवाळ्याच्या दिवसांत दिल्ली, लखनौ किंवा अमृतसर यांसारख्या शहरांत हवा कोरडी पडू लागली, की चेहऱ्याची त्वचा ताणल्यासारखी वाटते, गालांवर बारीक पांढुरके खवले दिसू लागतात आणि ओठ फुटतात. बहुतेकांना कोणतेही साधे क्रीम लावून आराम पडतो. परंतु काहींच्या बाबतीत नेमके तेच क्रीम लावताच चेहरा चुरचुरू लागतो, लाल होतो आणि मूळच्या कोरडेपणापेक्षा उपायच अधिक त्रासदायक ठरतो. एकाला सुखावणारे क्रीम दुसऱ्याला का बोचावे? या प्रश्नाचे उत्तर डबीवरील नावात अथवा किमतीत सापडत नाही. ते डबीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेल्या घटकांच्या यादीत असते.

त्वचेची भिंत

त्वचेच्या सर्वांत वरच्या पातळ आवरणास शृंगी थर असे म्हणतात. तळहात व तळपाय सोडल्यास त्याची जाडी एक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून सहसा अधिक नसते. तो चपट्या, मृत पेशींचा बनलेला असतो. अमेरिकन त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये म्हणजे चुना. या चुन्यात सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले ही तीन द्रव्ये मुख्यत्वे असतात. त्यांतही सेरामाइडचा वाटा वजनाने सुमारे निम्मा असतो. ही भिंत शरीरातील पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरील क्षोभक पदार्थ आत येऊ देत नाही.

कोरडी त्वचा म्हणजे तेल कमी पडलेली त्वचा, असा समज पूर्वी सर्वत्र होता. आयर्विन ब्लँक यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी तो खोडून काढला. घट्ट्याच्या वाळलेल्या तुकड्याला तेल लावले तरी तो कडकच राहिला. पाणी मिळताच मात्र तो मऊ झाला. त्वचेला मऊपणा पाण्याने येतो. तेलाचे काम ते पाणी उडून जाऊ न देणे एवढेच. चेहऱ्याच्या क्रीमचे सारे शास्त्र या एका निष्कर्षावर उभे आहे.

ज्यांच्या त्वचेची ही भिंत जन्मतःच काहीशी सैल असते, किंवा वारंवार साबण, ऊन, थंडी अथवा औषधे यांमुळे झिजलेली असते, त्यांच्या त्वचेत परके पदार्थ सहज शिरतात आणि खालच्या मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोहोचतात. इतरांना जाणवणारही नाही अशा स्पर्शाने, हवेने किंवा पदार्थाने आग, चुरचुर अथवा खाज सुटणे, हे संवेदनशील त्वचेचे लक्षण होय. याहून ॲलर्जी निराळी. तिच्यात शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या विशिष्ट पदार्थाला शत्रू मानून लक्षात ठेवते आणि त्याचा अल्पसा अंशही पुढे पुरळ उठवतो. चुरचुर बहुधा काही मिनिटांतच जाणवते. क्रीममधील एखाद्या घटकाची ॲलर्जी मात्र एकदोन दिवसांनी प्रकट होते. म्हणूनच दोष कोणाचा हे ओळखणे कठीण जाते.

पाणी धरून ठेवणारे घटक

पहिला गट पाणी आकर्षून घेणाऱ्या द्रव्यांचा. त्यांत ग्लिसरीन सर्वांत जुने व सर्वांत विश्वासाचे आहे. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७९ मध्ये ऑलिव्ह तेलापासून ते वेगळे केले. साबणाच्या कारखान्यात ते उपपदार्थ म्हणून मिळते, त्यामुळे स्वस्तही असते. शुद्ध ग्लिसरीन मात्र तसेच चेहऱ्यावर चोपडू नये. आजूबाजूच्या हवेत ओलावा नसेल, तर ते त्वचेच्या खालच्या थरांतूनच पाणी ओढून घेते. क्रीममध्ये अल्प प्रमाणात आणि स्निग्ध द्रव्यांच्या सोबतीने असलेले ग्लिसरीन संवेदनशील त्वचेला सहसा मानवते.

हायलुरॉनिक आम्लाची आज मोठी जाहिरात होते. कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये ते गाईच्या डोळ्यातून प्रथम मिळवले. त्याचे मोठे रेणू शृंगी थराच्या खाली उतरत नाहीत. ते पृष्ठभागावर पाण्याचा पातळ पडदा धरून ठेवतात. ते निरुपद्रवी आहे, पण ग्लिसरीनहून कितीतरी पटींनी महाग असूनही तितक्या पटींनी गुणकारी नाही.

यूरिया आणि लॅक्टिक आम्ल ही दोन्ही द्रव्ये निरोगी त्वचेत मूळचीच असतात. टाचा किंवा कोपरे यांच्या जाड, खडबडीत कातडीवर ती उत्तम काम करतात. चेहऱ्याची गोष्ट वेगळी. फ्रॉश आणि क्लिगमन यांनी १९७७ मध्ये संवेदनशील त्वचा ओळखण्यासाठी जी चाचणी सुचवली, तिच्यात नाकाच्या बाजूला लॅक्टिक आम्लच लावले जाते आणि चुरचुर होते का ते पाहिले जाते. जो पदार्थ चाचणीसाठी वापरतात, तोच पदार्थ अशा त्वचेच्या रोजच्या क्रीममध्ये असणे इष्ट नव्हे, हे उघड आहे.

झाकण घालणारे घटक

दुसरा गट पाण्यावर झाकण घालणाऱ्या द्रव्यांचा. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेली पेट्रोलियम जेली अद्यापही या गटात अग्रेसर आहे. त्वचेतून उडून जाणारे पाणी ती ९८ टक्क्यांपर्यंत रोखू शकते. ती केवळ वर बसून राहते असा समज होता. परंतु १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ती शृंगी थराच्या फटींत शिरते आणि तिच्या आड त्वचा स्वतःची भिंत पुन्हा बांधू शकते, असे आढळले. तिची ॲलर्जी अत्यंत विरळा. दोष एवढाच, की ती चिकट असते, चेहरा तेलकट दिसतो, आणि चेन्नई किंवा कोची यांच्यासारख्या दमट हवेत ती नकोशी वाटते. अशा ठिकाणी डायमेथिकोन हे सिलिकॉन अधिक सोयीचे पडते. ते हलके असते, चिकटत नाही आणि सहसा बोचत नाही. झाकण म्हणून मात्र ते पेट्रोलियम जेलीइतके घट्ट नसते.

मेंढीच्या लोकरीतून निघणारे लॅनोलिन १८८२ पासून औषधी मलमांत वापरले जाते. त्वचेत मुरण्याचा गुण त्यात उत्तम आहे. पण त्यातील काही घटकांची ॲलर्जी थोड्या लोकांना होते, आणि ती इसब असलेल्यांत अधिक दिसते. ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे त्यांनी यादीत हे नाव अवश्य पाहावे.

घरातील तेले आणि भिंतीचा चुना

भारतात त्वचेला तेल लावण्याची परंपरा प्राचीन आहे. आयुर्वेदातील शतधौत घृत, म्हणजे तांब्याच्या भांड्यात पाण्याने शंभर वेळा धुतलेले तूप, हे एक प्रकारचे क्रीमच होय. प्रत्येक प्रांताचे तेल निराळे : केरळात आणि कोकणात खोबरेल, दक्षिणेत व राजस्थानात तिळाचे, बंगाल व बिहारमध्ये मोहरीचे. ही सारी तेले त्वचेवर सारखीच वागतात असे मात्र नाही.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांच्या त्वचेची भिंत मुद्दाम क्षीण करून तिच्यावर वेगवेगळी तेले लावण्यात आली. सूर्यफुलाच्या तेलाने भिंत लवकर सुधारली. मोहरीच्या तेलाने सुधारणेस उलट विलंब झाला. २०१३ मध्ये प्रौढ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात ऑलिव्ह तेलानेही भिंत दुबळी होते असे दिसले. सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक आम्ल अधिक असते, आणि त्वचा तिच्या काही सेरामाइडच्या रचनेत ते वापरते. ऑलिव्हमध्ये ओलेइक आम्ल अधिक असते. ते स्निग्ध द्रव्यांची मांडणी विस्कटते. खोबरेलाच्या बाबतीत २००४ मध्ये फिलिपाइन्समध्ये झालेल्या चाचणीत ते कोरड्या त्वचेवर खनिज तेलाइतकेच उपयुक्त ठरले. मात्र मुरमे येणाऱ्या चेहऱ्यावर ते जपून वापरावे.

अलीकडील क्रीममध्ये भिंतीचा चुनाच पुरवण्याचा प्रयत्न असतो. सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले ही तिन्ही योग्य प्रमाणात असतील तर लाभ होतो. केवळ सेरामाइड हा शब्द यादीच्या अगदी शेवटी असणे म्हणजे चिमूटभर चुन्याने भिंत लिंपण्यासारखे आहे. नायसिनामाइड, म्हणजे ब गटातील एक जीवनसत्त्व, त्वचेला स्वतः सेरामाइड तयार करण्यास प्रवृत्त करते. मात्र त्याचे प्रमाण फार असल्यास काहींचा चेहरा लाल होतो.

उपद्रव कोठून येतो?

आतापर्यंतचे घटक त्वचेसाठी असतात. परंतु क्रीममध्ये आणखी काही घटक क्रीमच्या स्वतःच्या सोयीसाठी असतात, आणि संवेदनशील त्वचेला होणाऱ्या त्रासाचे मूळ पुष्कळदा याच गटात असते.

तेल आणि पाणी एकत्र राहावे म्हणून पायसकारक घालावे लागतात. पूर्वी घरोघरी 'स्नो' या नावाने ओळखले जाणारे क्रीम स्टिअरिक आम्ल व क्षार यांच्या साबणावरच उभे असे. १९१९ मध्ये मुंबईत निघालेला अफगाण स्नो भारतात अतिशय लोकप्रिय झाला. असे क्रीम चेहऱ्यावर दिसेनासे होते, हा त्याचा गुण. पण त्वचा स्वभावतः किंचित आम्लधर्मी असल्याने साबणाचा अंश कोरड्या त्वचेला सोसत नाही. ब्रिटनमधील 'ॲक्वस क्रीम'चा अनुभव याहून बोधप्रद आहे. इसबाच्या रुग्णांना वर्षानुवर्षे दिल्या जाणाऱ्या या क्रीममध्ये सोडियम लॉरिल सल्फेट हा प्रक्षालक असे. ते त्वचेवर लावून ठेवल्यास शृंगी थर पातळ होतो, असे २०१० मधील संशोधनात आढळले, आणि २०१३ मध्ये तेथील औषध नियंत्रकांनी त्याविषयी सावधगिरीची सूचना दिली. औषध म्हणून लावलेला पदार्थच रोग वाढवत होता.

पाणी असलेले क्रीम परिरक्षकाशिवाय टिकत नाही. त्यात जंतू वाढतात. म्हणून परिरक्षक हा शत्रू नव्हे, निवड महत्त्वाची. पॅराबेन या जुन्या परिरक्षकांविषयी शंका निर्माण झाल्यावर अनेक उत्पादक मेथिलआयसोथायझोलिनोनकडे वळले. परिणामी युरोपात त्याच्या ॲलर्जीची जणू साथच पसरली आणि २०१७ पासून तेथे त्वचेवर लावून ठेवण्याच्या प्रसाधनांत त्यावर बंदी आली. त्याउलट पॅराबेनची ॲलर्जी फार क्वचित आढळते.

सुगंधद्रव्ये त्वचेला काहीही देत नाहीत, आणि ॲलर्जीच्या कारणांत ती आघाडीवर आहेत. सुगंध वनस्पतींचा आहे म्हणून तो निर्धोक ठरत नाही. संत्र्याच्या सालीतील लिमोनीन आणि लव्हेंडरमधील लिनालूल हवेच्या संपर्काने बदलतात आणि ॲलर्जीकारक बनतात. 'वासरहित' क्रीममध्येही मूळ वास झाकण्यासाठी दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. म्हणून यादीत सुगंधाचा उल्लेखच नाही, याची खात्री करून घ्यावी.

निवड आणि परीक्षा

भारतात सौंदर्यप्रसाधनांचे नियमन १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाखाली होते. २०२० च्या नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्याहून कमी असलेले कोणत्याही क्रमाने त्यांच्यामागून येतात. म्हणजे पहिली पाचसहा नावे वाचली, तरी क्रीमची जडणघडण कळते. सुगंध व परिरक्षक यांची नावे शेवटी शोधावीत. यादी जितकी आखूड तितके चांगले, कारण त्रास झाल्यास दोषी शोधणे सोपे जाते. 'संवेदनशील त्वचेसाठी' किंवा 'नैसर्गिक' ही डबीच्या पुढील बाजूची विशेषणे घटकांच्या यादीची जागा घेऊ शकत नाहीत.

नवे क्रीम थेट चेहऱ्यावर न लावता कोपराच्या आतील बाजूस दिवसातून दोनदा, निदान आठवडाभर लावून पाहावे. पुरळ उठले तर ते वर्ज्य करावे. आंघोळीनंतर किंवा चेहरा धुतल्यावर त्वचा किंचित ओली असतानाच क्रीम लावल्यास ते अधिक गुणकारी ठरते. मिळालेले पाणी झाकण पडण्यापूर्वी उडून जात नाही.

एक धोका विशेष सांगण्यासारखा आहे. गोरेपणासाठी किंवा पुरळ जावे म्हणून अनेक जण औषधांच्या दुकानातून स्टेरॉइडयुक्त मलम स्वतःच विकत आणतात आणि ते महिनोन्‌महिने चेहऱ्याच्या क्रीमसारखे वापरतात. प्रारंभी चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम थांबवताच चेहऱ्याची आग होते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. भारतातील अनेक केंद्रांत चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या २,९२६ रुग्णांच्या पाहणीत, जी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड वापरत असल्याचे आढळले. यांची त्वचा संवेदनशील जन्मली नव्हती. ती तशी केली गेली. अशा रुग्णाला कोणतेही नवे क्रीम पुरेसे नाही. त्याने त्वचारोगतज्ज्ञाकडेच गेले पाहिजे.

बाकीच्यांसाठी निष्कर्ष साधा आहे. थोडे ग्लिसरीन, पेट्रोलियम जेली किंवा डायमेथिकोनचे झाकण, जमल्यास सेरामाइड, आणि सुगंधाचा अभाव, एवढ्यावर संवेदनशील चेहऱ्याची गरज बहुधा भागते. यांतील बहुतेक द्रव्ये जुनी आणि स्वस्त आहेत. क्रीममध्ये काय घातले आहे याइतकेच त्यातून काय वगळले आहे, हेही मोलाचे असते.