गाडी लागली, की गाडीतली हवा बिघडली?

सावर्डे सोडून महामार्गाने चिपळूण गाठायचे आणि कुंभार्ली घाट चढून कोयनानगरला उतरायचे. वाटेत सह्याद्रीचे कडे, आणि नशिबात असेल तर धनेश, शेकरू किंवा गवा. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. तेव्हापासून गाडीतच स्वयंपाक, गाडीतच झोप अशा सहलींकडे लोकांचे लक्ष वळले आहे.

घाटात मळमळ, चक्कर, डोकेदुखी झाली की आपण म्हणतो, ‘गाडी लागली.’ आतला कान मेंदूला हालचाल कळवतो, डोळ्यांना मात्र गाडीचा स्थिर अंतर्भाग दिसतो. या विसंगतीतून हा त्रास होतो. गाडी थांबली की तो हळूहळू ओसरतो.

मात्र उभ्या गाडीत हीच लक्षणे दिसली तर सावध व्हावे. जंगलाजवळ मुक्काम असला की बिबट्या आणि माकडांच्या धास्तीने खिडक्या घट्ट लावल्या जातात. आत गॅस किंवा उबेसाठी कोळशाची शेगडी पेटलेली असते, एसीसाठी इंजिन किंवा जनरेटर चालू असतो. इंधन अर्धवट जळाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाची जाग येण्याआधीच शुद्ध हरपू शकते.

फरक ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. एकाच वेळी अनेकांचे डोके दुखते, बाहेर आल्यावर बरे वाटते आणि आत गेल्यावर पुन्हा त्रास सुरू होतो. पल्स ऑक्सिमीटरवर विसंबू नये. साध्या यंत्राला या वायूने व्यापलेले आणि ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन सारखेच दिसते, त्यामुळे आकडा ‘९८’ असूनही जीव धोक्यात असू शकतो.

अशा वेळी सर्वांना आधी मोकळ्या हवेत आणावे, इंजिन आणि गॅस बंद करावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात शुद्ध ऑक्सिजन देणे हाच मुख्य उपचार आहे.

त्याहून सोपा उपाय निघण्यापूर्वीचा. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा आणि तो चालतो का, हे तपासावे. झोपताना इंजिन, शेगडी, गॅस बंद ठेवावेत. जाळी लावलेली झडप उघडी असली तर माकड आत येत नाही, हवा मात्र येते.