गोळीचे प्रमाण ठरते, मग चालण्याचे का नाही?

आपल्या मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांत औषधांचा एक डबा असतो. अब्बांची शुगरची गोळी, अम्मींची बीपीची, दादींची गुडघ्याची. कोणती गोळी उपाशीपोटी आणि कोणती जेवणानंतर, हे मुलांनाही पाठ असते. निघताना डॉक्टर आणखी एक औषध सांगतात, "थोडं चालत जा." ते चिठ्ठीवर नसते, म्हणून बहुधा दवाखान्यातच राहून जाते.

आम्ही शिक्षक. "अभ्यास करा" एवढेच सांगितले तर मुले करत नाहीत. "उद्यापर्यंत पाच गणिते" म्हटले की करतात. व्यायामाचेही तसेच आहे.

ही गोष्ट नवी नाही. इब्न सीना (९८०–१०३७) यांनी 'अल-कानून' या वैद्यकग्रंथात व्यायामावर सविस्तर लिहिले आहे. न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून डॉक्टर व्यायामाची चिठ्ठी लिहून देतात. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांचे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. शुगरच्या उंबरठ्यावरच्या ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी तीन वर्षांत शंभरात ५५ जणांना मधुमेह झाला. आहार आणि व्यायामाचे नीट मार्गदर्शन मिळालेल्यांत ३९ जणांना.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही.

सरकारी दवाखान्याच्या गर्दीत डॉक्टरांना वेळ कमी असतो. म्हणून चार प्रश्न आपणच तयार ठेवावेत: कोणता व्यायाम? किती मिनिटे? आठवड्यातून किती दिवस? काय टाळायचे? उत्तरे चिठ्ठीवर लिहून मागावीत.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर चालताना एकदम खाली येऊ शकते. घाम सुटला, हात थरथरले तर थांबून साखर किंवा ग्लुकोज घ्यावे. पायांना बधिरपणा असेल तर अनवाणी चालू नये, रोज तळवे पाहावेत. डोळ्यांच्या पडद्याला त्रास असेल तर जड वजन उचलण्याआधी विचारावे. छातीत दुखले किंवा दम कोंडला तर लगेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. रमजानमध्ये इफ्तारच्या आधी दमवणारा व्यायाम नको; गोळ्यांच्या वेळाही आधीच विचारून घ्याव्यात.

"पाच वक्त नमाज पढतो, तोच व्यायाम," असे काही वडीलधारी म्हणतात. नमाज इबादत आहे. तिने सांधे हलतात, पण डॉक्टरांनी सांगितलेली मिनिटे तिच्यातून वजा करू नयेत. मशिदीला मोटारसायकलऐवजी पायी जावे. ती मिनिटे मात्र जरूर मोजावीत.

खरी अडचण बायकांची आहे. फजरनंतर हिमायत बागेत, आमखास मैदानावर पुरुष सहज निघतात. अम्मी त्याच वेळी चुलीपाशी असतात. "दिवसभर राबते की," असे त्या म्हणतात. घरकाम अंग दुखवते, पण सलग दम वाढवतेच असे नाही. दोघी-तिघी शेजारणींनी मिळून निघावे. बाहेर जमत नसेल तर गच्चीवर, जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चालावे. तुकड्यांनी केलेली मिनिटेही मोजली जातात. उन्हाळ्यात सकाळची किंवा मगरिबनंतरची वेळ बरी.

त्या अर्ध्या तासात नाश्ता कोण करणार, हे मात्र घरातल्या इतरांनी ठरवावे. आईच्या चिठ्ठीतले हे औषध तिला एकटीला घेता येत नाही.